पोटॅशियम ६.८, सॅम्पल हेमोलाईज्ड: नाशिकमधील एक प्रकरण अभ्यास

वॉर्डात फोन वाजतो. लॅबवाले सांगतात, “पोटॅशियम सहा पॉइंट आठ, पण सॅम्पल हेमोलाईज्ड आहे. रिपीट पाठवा.” रक्तात पोटॅशियम एरवी ४ च्या आसपास असते. हेमोलाईज्ड म्हणजे सॅम्पलमधल्या लाल पेशी फुटलेल्या, त्यामुळे आकडा खोटा वाढलेला असू शकतो. बहुतेकांच्या कानात या निरोपाचा शेवटचा भागच राहतो. रिपीट पाठवायचे, एवढेच लक्षात ठेवून सिस्टर पुढच्या कामाला लागतात आणि मधला तासभर रुग्ण मॉनिटरशिवाय पडून राहतो. हे प्रकरण त्या तासाचे आणि त्यानंतरच्या बारा तासांचे आहे. रुग्ण शिकवण्यासाठी कल्पिलेली आहे. आकडे आणि चुका मात्र मेडिसिन वॉर्डात रोज समोर येतात त्याच आहेत. कंसात दिलेली सामान्य मर्यादा लॅबनुसार थोडी बदलते, म्हणून आपल्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच धरावी.

रुग्ण

वय ५८, महिला, वजन ५४ किलो, निफाड तालुक्यात द्राक्षबागेत मजुरी. जानेवारी महिना. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाचे पंपिंग ४० टक्के. चालू गोळ्या: टेल्मिसार्टन ४०, स्पायरोनोलॅक्टोन २५, मेटोप्रोलॉल २५, मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा, ग्लिमेपिराईड १. तीन दिवस जुलाब आणि उलट्या. त्याआधी गुडघे दुखतात म्हणून आठवडाभर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या. अशक्तपणा जावा म्हणून घरचे रोज तीन-चार शहाळी देत होते, आणि बीपी-शुगरच्या गोळ्याही नेमाने चालू होत्या.

गोळ्यांची ही यादी हाती आली की रिपोर्ट येण्याआधीच अर्धे निदान कळते. टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकू देत नाहीत. डायक्लोफिनॅकमुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि जुलाबांनी तो आणखी कमी होतो. त्यात शहाळ्याच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ५० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते आणि सोडियम अगदी थोडे. एका शहाळ्यात ३०० मिलिलीटर पाणी धरले तर चार शहाळ्यांतून ६० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम पोटात गेले. ओआरएसमध्ये लिटरमागे पोटॅशियम २० आणि सोडियम ७५ असते. निरोगी मूत्रपिंड शहाळ्यातले पोटॅशियम सहज बाहेर टाकते, या बाईंचे टाकू शकत नव्हते. म्हणून दाखल करताना “काय खाल्लं-प्यायलं?” हा प्रश्न औषधांइतक्याच बारकाईने विचारावा. स्वयंपाकात लो सोडियम मीठ वापरता का, हेही विचारावे, कारण त्यात पोटॅशियम क्लोराईड असते.

दाखल होताना सकाळी ११.३० ला बीपी ९२/५८, नाडी ५२, श्वास २४, ऑक्सिजन ९७ टक्के, एचजीटी (बोटातून मोजलेली शुगर) २२१. जीभ कोरडी. “पायात जीवच राहिला नाही,” असे त्या सांगत होत्या. लघवी पहाटे एकदा झाली, तीही थोडीच.

यातला सर्वांत बोलका आकडा नाडीचा. अंगातले पाणी गेलेल्या, बीपी ९२ असलेल्या माणसाची नाडी १०० च्या पुढे पळायला हवी, इथे ती ५२ आहे. मेटोप्रोलॉलने नाडी मंदावते आणि वाढलेल्या पोटॅशियमनेही मंदावते. मूत्रपिंड बसलेले असताना दोन्ही एकमेकांचा जोर वाढवतात. टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर ५२ नुसते लिहून पुढे जाणे ही या प्रकरणातली पहिली संभाव्य चूक.

तीन सॅम्पल, तीन आकडे

पहिले सॅम्पल आदल्या संध्याकाळी गावाजवळच्या कलेक्शन सेंटरवर घेतले होते. प्लेन बल्ब सेंट्रिफ्यूज न करता, म्हणजे पेशी आणि सिरम वेगळे न करता, मोटारसायकलवरून रात्री नाशिकच्या लॅबमध्ये आला. पोटॅशियम ६.१, हेमोलायसिसची नोंद नाही. निफाडची जानेवारीतली थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. रक्त थंड झाले की लाल पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पेशीतले पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे सिरम स्वच्छ पिवळे दिसते आणि लॅबला शंका येत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या अखंड रक्ताचेही हेच होते. उन्हाळ्यात उलट घडते: गरम डब्यातून आलेल्या रक्तात पेशी पोटॅशियम आत ओढतात आणि खरोखर वाढलेले पोटॅशियम नॉर्मल दिसू शकते. शिवाय सेंट्रिफ्यूज न केलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात, म्हणून फ्लोराईड नसलेल्या बल्बमधली शुगर तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते.

दुसरे सॅम्पल वॉर्डातले. २२ नंबरच्या व्हेनफ्लॉनमधून (शिरेत ठेवायच्या बारीक नळीतून), तो घालतानाच, १० मिलिलीटरच्या सिरिंजने जोर लावून ओढले. मग सुई बल्बच्या झाकणात खुपसून प्लंजर दाबला. टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) दोन मिनिटांहून जास्त बांधलेले होते आणि “मूठ उघडा-मिटा” चालू होते. लाल पेशीच्या आत पोटॅशियम सुमारे १४० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, बाहेर ४. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. रिझल्ट: ६.८, हेमोलाईज्ड.

तिसरे सॅम्पल दुसऱ्या हाताची शीर शोधून, टूर्निकेट एका मिनिटाच्या आत सोडून, व्हॅक्युटेनर होल्डरने घेतले. बल्बचा क्रम: आधी प्लेन किंवा जेल, मग ईडीटीए, शेवटी फ्लोराईड. बल्ब हलवले नाहीत, फक्त ५-६ वेळा हळूच उलटे-सुलटे केले. माणूस स्वतः लॅबमध्ये देऊन आला. रिझल्ट ६.५, सिरम स्वच्छ.

म्हणजे हेमोलायसिसचा वाटा जेमतेम ०.३ होता. बाकीचे पोटॅशियम खरे होते.

बल्बचा क्रम उलटला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. ईडीटीए बल्बमध्ये पोटॅशियमचेच मीठ असते आणि ते कॅल्शियम बांधून घेते. जांभळ्या (ईडीटीए) बल्बमधले थोडे रक्त पिवळ्या (जेल) बल्बमध्ये ओतले तर पोटॅशियम अवाच्या सवा वाढते आणि कॅल्शियम ५-६ पर्यंत कोसळते. पोटॅशियम जास्त आले की कॅल्शियमवर नजर टाकायची ती यासाठी. इथे कॅल्शियम ८.९ होते, त्यामुळे ती शंका मिटली. प्लेटलेट ५ लाखांच्या वर असतील तर रक्त गोठताना त्यांच्यातूनही पोटॅशियम सुटते. इथे प्लेटलेट २.९ लाख होत्या.

एबीजी (धमनीच्या रक्तातील वायू आणि आम्लता यांची तपासणी) मशीनचे पोटॅशियम आले की शंका मिटली, हा मोठा गैरसमज आहे. आकडा लगेच येतो हे खरे, पण ते अखंड रक्त असते. त्यात हेमोलायसिस झाले असले तरी डोळ्याला दिसत नाही आणि नेहमीच्या मशीनलाही कळत नाही. एबीजीने घाई भागते, शंका मिटत नाही.

फोननंतरची पंधरा मिनिटे

दुपारी १२.४० ला फोन आला तेव्हा संभाषण असे व्हायला हवे:

“मेडिसिन वॉर्ड, बेड १४. पोटॅशियम सहा पॉइंट आठ, हेमोलाईज्ड.”

“पेशंटचं पूर्ण नाव आणि आयपीडी नंबर सांगा… बरोबर. पोटॅशियम सहा पॉइंट आठ, हेमोलाईज्ड, वेळ बारा चाळीस. क्रिएटिनिन किती आलंय? आणि तुमचं नाव सांगा, नोट्समध्ये लिहिते.”

आकडा परत म्हणून दाखवणे ही औपचारिकता नाही. “सहा” आणि “दहा” फोनवर सारखेच ऐकू येतात, आणि बेड नंबर दुपारपर्यंत बदललेला असू शकतो. क्रिएटिनिन तिथल्या तिथे विचारले की निर्णय सोपा होतो. २५ वर्षांच्या, कोणतीही गोळी न घेणाऱ्या, नाडी ८० असलेल्या मुलाचे हेमोलाईज्ड ६.८ आणि क्रिएटिनिन २.९ असलेल्या या बाईंचे हेमोलाईज्ड ६.८ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फोन ठेवल्यावर मॉनिटर लावणे, १२ लीड ईसीजी काढणे, डॉक्टरांना कळवणे आणि रिपीट सॅम्पल घेणे ही कामे एकाच वेळी, दोघी-तिघींत वाटून करायची. रिपीटचा निकाल येईपर्यंत ईसीजी थांबवायचा नाही. डॉक्टरांना द्यायचा निरोप असा: “सर, बेड १४, निफाडच्या पेशंट. पोटॅशियम ६.८, सॅम्पल हेमोलाईज्ड आहे, पण क्रिएटिनिन २.९, नाडी ५२, स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन चालू होतं. ईसीजी काढलाय, टी वेव्ह टोकदार दिसतायत. रिपीट पाठवलंय. तुम्ही लगेच या, कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवते.”

ईसीजीत व्ही२ ते व्ही४ मध्ये उंच, अरुंद, टोकदार टी वेव्ह आणि पीआर (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात संदेश पोहोचण्याचा वेळ) लांबलेला, ०.२२ सेकंद. यापुढची पायरी म्हणजे पी वेव्ह सपाट होणे, क्यूआरएस रुंदावणे आणि शेवटी सगळा पट्टा लाटेसारखा दिसणे. पण पायऱ्या याच क्रमाने येतील असा भरवसा नाही. पोटॅशियम ७ असतानाही ईसीजी नॉर्मल दिसू शकतो. बिघडलेला ईसीजी दिसला तर धावायचेच, नॉर्मल दिसला म्हणून निवांत व्हायचे नाही.

बाकीचे रिपोर्ट

सोडियम १२९ (१३५ ते १४५), क्लोराईड १०५ (९८ ते १०७), बायकार्बोनेट १३ (२२ ते २६), सर्व मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर.
यूरिया १३४ (१५ ते ४०), क्रिएटिनिन २.९ (०.६ ते १.१), शुगर २१४, कॅल्शियम ८.९ (८.५ ते १०.५), सर्व मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर.
एबीजी: पीएच ७.२९, कार्बन डायऑक्साईड २८, लॅक्टेट १.८.
हिमोग्लोबिन १२.८, हिमॅटोक्रिट ३८.६, अल्ब्युमिन ४.१.

आपल्याकडच्या लॅब बहुधा यूरिया देतात, परदेशी पुस्तकांत बीयूएन असते. यूरियाला २.१४ ने भागले की बीयूएन मिळते: १३४ चे ६२.६. त्याला क्रिएटिनिनने भागले की २१.६. हे गुणोत्तर २० च्या वर असेल तर मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते आहे, म्हणजे पाण्याची तूट, याकडे बोट जाते. यूरियाचा आकडा थेट क्रिएटिनिनने भागला तर ४६ येते आणि भलताच निष्कर्ष निघतो. परीक्षेतही ही चूक होते आणि वॉर्डातही.

बायकार्बोनेट १३ असताना श्वासाने भरपाई होत असेल तर कार्बन डायऑक्साईड साधारण १.५ गुणिले १३ अधिक ८, म्हणजे २७.५ च्या आसपास यावा. आला २८. म्हणजे २४ चा श्वास दम्याचा किंवा न्यूमोनियाचा नाही, आम्ल बाहेर टाकण्यासाठीचा आहे. अॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराईड आणि बायकार्बोनेट वजा करून उरणारी तफावत) १२९ वजा १०५ वजा १३, म्हणजे ११, नॉर्मल. जुलाबांतून बायकार्बोनेट गेल्याचे हे चित्र आहे. लॅक्टेट वाढलेले नाही, त्यामुळे मूत्रपिंड बसल्यावर मेटफॉर्मिनने लॅक्टेट वाढण्याची भीतीही कमी झाली. शुगर २१४ मुळे सोडियम दीड-दोनने कमी दिसते. उरलेली घट जुलाबांची आणि शहाळ्याच्या पाण्याची.

इन्शुलिन भरताना

१२.५५ ला १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलीटर, पाच मिनिटांत, मॉनिटरवर नजर ठेवून. डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) घेत नाहीत ना, हे आधी विचारले. कॅल्शियमने पोटॅशियम एका दशांशानेही उतरत नाही, ते फक्त हृदयाला ३० ते ६० मिनिटांचे संरक्षण देते. पाच मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा, बदल नसेल तर दुसऱ्या डोसची विचारणा करायची. बायकार्बोनेट त्याच लाईनमधून देऊ नये, साका बसतो. शीर नीट चालते आहे हे सलाईनने तपासूनच कॅल्शियम द्यावे, कारण ते बाहेर झिरपले तर कातडी जळते.

१.०५ ला १० युनिट रेग्युलर इन्शुलिन शिरेतून, सोबत २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलीटर, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. त्यानंतर साल्ब्युटामॉल १० मिलिग्रॅम नेब्युलायझेशन, म्हणजे २.५ मिलिग्रॅमच्या चार रेस्प्यूल. एका रेस्प्यूलने पोटॅशियमवर फारसा परिणाम होत नाही.

इथे थोडे थांबायला हवे. आपल्याकडे इन्शुलिनच्या व्हायल दोन ताकदींच्या मिळतात, मिलिलीटरला ४० युनिट आणि मिलिलीटरला १०० युनिट. ४० च्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी टोपीची. १० युनिट म्हणजे ४० च्या व्हायलमधून ०.२५ मिलिलीटर, १०० च्या व्हायलमधून ०.१ मिलिलीटर. ४० ची व्हायल घेऊन केशरी टोपीच्या सिरिंजवर १० च्या खुणेपर्यंत भरले तर फक्त ४ युनिट जातात आणि पोटॅशियम उतरत नाही. १०० ची व्हायल घेऊन लाल टोपीच्या सिरिंजवर १० पर्यंत भरले तर २५ युनिट जातात. इमर्जन्सी ट्रॉलीत दोन्ही प्रकारच्या सिरिंज एकाच खणात असतील तर आजच वेगळ्या कराव्यात. डोस भरल्यावर व्हायल आणि सिरिंज दुसऱ्या सिस्टरला दाखवावी आणि दोघींनी सही करावी.

सलाईन एकेका ५०० मिलिलीटरने, प्रत्येक बाटलीनंतर छातीचे खालचे भाग स्टेथोस्कोपने ऐकून, कारण पंपिंग ४० टक्के आहे. पहिल्या लिटरनंतर डॉक्टरांनी नॉर्मल सलाईनऐवजी आरएल (रिंगर लॅक्टेट) लिहिले. “आरएलमध्ये पोटॅशियम असतं, बंद करू का?” असा फोन हमखास जातो. आरएलमध्ये ते लिटरला ४ असते, रुग्णाच्या रक्तात ६.५. त्याने पोटॅशियम वाढत नाही, आणि नॉर्मल सलाईनच्या जादा क्लोराईडने वाढणारे आम्लही टळते.

शुगरचा उतार

१.०५ ला २१४. १.३५ ला २६८. २.०५ ला १९६. ३.०५ ला १२१.

१२१ हा आकडा सुटा पाहिला तर छान आहे, चार्टवर हिरवी खूण करण्याजोगा. पण एका तासात ७५ ने उतरलेला आहे. हाच वेग राहिला तर ४.०५ ला ४६. म्हणून सिस्टरनी तासाभराची वाट न पाहता ३.३५ ला एचजीटी केले: ८४. डॉक्टरांनी १० टक्के डेक्स्ट्रोज तासाला ७५ मिलिलीटरने सुरू केले. ४.०५ ला ६६, कपाळावर घाम. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलीटर दिले, २० मिनिटांनी १५२.

असे का झाले? २५ ग्रॅम ग्लुकोज तासा-दीड तासात संपते. इन्शुलिनचा मोठा वाटा मूत्रपिंड काढून टाकते, आणि ते काम मंदावलेले. शुगर उतरवणारे ग्लिमेपिराईडही अंगात साचलेले, वजन कमी, तीन दिवस पोटात अन्न नाही. त्यात मेटोप्रोलॉलमुळे थरथर आणि धडधड दिसत नाही, घाम तेवढा येतो. “काही त्रास होतोय का, मावशी?” असे विचारून शुगर कळत नाही, ती मोजावीच लागते. पहिला तास दर अर्ध्या तासाने, नंतर सहा तासांपर्यंत दर तासाला. बीपी फार कमी आणि हात गार असतील तर बोटाचे एचजीटी दगा देते, तेव्हा शिरेतले रक्त तपासावे.

दुपारी २ ची ड्यूटी बदलते ती नेमकी या सहा तासांत. हँडओव्हरमध्ये “इन्शुलिन-डेक्स्ट्रोज दिलंय” एवढे पुरत नाही. “१.०५ ला दिलं, एचजीटी ७.०५ पर्यंत, पोटॅशियम ३.०५ आणि ७.०५ ला” असे वेळेसकट लिहावे.

५.६ आणि मग ६.०

३.०५ चे पोटॅशियम ५.६ आले. ७.०५ चे ६.०. कुणी चुकले नव्हते. इन्शुलिन आणि साल्ब्युटामॉल पोटॅशियम फक्त पेशीत ढकलतात. चार ते सहा तासांत जोर ओसरला की ते परत येते. शरीराबाहेर ते लघवीतून, शौचातून किंवा डायलिसिसनेच जाते. म्हणून या काळात पोटॅशियमच्या रिपोर्टइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे इनटेक-आउटपुट चार्ट. ५४ किलोला तासाला किमान २७ मिलिलीटर लघवी हवी. पहिले दोन तास १५ होती, ७ वाजता ३०.

५.६ पाहून “करेक्ट झालं” असे लिहून ७.०५ चे सॅम्पल कुणी रद्द केले असते, तर ६.० कळलेच नसते. रात्री ५ युनिट इन्शुलिन, सोबत डेक्स्ट्रोज, आणि कॅल्शियम पॉलिस्टायरीन सल्फोनेटची १५ ग्रॅमची पुडी पाण्यातून दिली. पुडीचा परिणाम यायला काही तास लागतात आणि ती इतर गोळ्यांपासून तीन तास लांब ठेवावी. नेफ्रॉलॉजिस्टना कळवून डायलिसिसची तयारी ठेवली. ती लागली नाही. ११.३० ला ५.४, मध्यरात्रीपासून लघवी तासाला ५५, सकाळी ६ ला ४.९ आणि सोडियम १३४.

दुसऱ्या दिवशीचे हिमोग्लोबिन

१२.८ वरून १०.४. आठवडाभर डायक्लोफिनॅक घेतलेली रुग्ण म्हटल्यावर पोटातल्या रक्तस्रावाची शंका घ्यायलाच हवी. सॅम्पल सलाईन चालू असलेल्या हातातून घेतले नव्हते ना, हे पहिले तपासले: नव्हते. मग सोबतचे आकडे. हिमॅटोक्रिट ३१.२, म्हणजे हिमोग्लोबिनच्या तिप्पट, प्रमाण तेच. अल्ब्युमिनही ४.१ वरून ३.३. रक्तस्राव नसतानाही अल्ब्युमिन त्याच प्रमाणात उतरते ते रक्त पातळ झाल्याने. तीन लिटर सलाईन गेले होते, पहिले १२.८ हेच आटलेल्या रक्ताचे होते. पण केवळ या हिशेबावर विसंबता येत नाही, कारण रक्तस्रावानंतर सलाईन दिले तरी दोन्ही आकडे उतरतातच. म्हणून शौचाचा रंग स्वतः पाहिला: पिवळट, काळा नाही. बीपी ११८/७०, नाडी ७४. सहा तासांनी हिमोग्लोबिन १०.३, स्थिर.

घरी जाताना

चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ४.३. सहाव्या दिवशी डिस्चार्ज. स्पायरोनोलॅक्टोन बंद, टेल्मिसार्टन पुढच्या तपासणीनंतर ठरवायचे, गुडघ्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. मुलाला कार्डावर मराठीत लिहून दिले: जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या घेण्याआधी फोन करा, शहाळे नको, ओआरएस द्या, मेडिकलमधून दुखण्याची गोळी परस्पर आणू नका. सात दिवसांनी पोटॅशियम पुन्हा तपासायचे. ते निफाडला करायचे असेल तर कलेक्शन सेंटरला दाखवण्यासाठी कार्डाच्या मागे वेगळी ओळ: सॅम्पल सकाळी घ्या, फ्रिजमध्ये ठेवू नका, दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून सिरम वेगळे करा, मगच नाशिकला पाठवा.